एकोणतीस चावे

"कुठं चावलं?" मी विचारलं.

समोरच्या माणसानं आधी उजव्या पायाकडं बघितलं, मग डाव्या. दोन्ही पायांवर धड पँट, कुठं फाटलेलं नाही, रक्ताचा डाग नाही.

"पायाला," तो म्हणाला.

"कुठल्या?"

तो विचारात पडला. ज्याला खरंच कुत्रं चावतं त्याला असा विचार करावा लागत नाही. तो दारातूनच लंगडत येतो, कुत्र्याच्या मालकाचा उद्धार करतो आणि न सांगता पँट वर ओढतो. मी हनुवटीनं हिरव्या पडद्याकडं खूण केली.

"आत जा. बागवान बसलेत."

तो श्रीनिवास गाजुल. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तिशीचा, केसांत सुताची तूस अडकलेली. पडदा बाजूला करायला त्यानं इतका वेळ लावला की मला वाटलं, हा परत जातोय.

ही गोष्ट सोलापुरातली, दोन हजार सहा सालची. मी तेव्हा पूर्व भागातल्या एका दवाखान्यात सिस्टर होते. खोली नंबर सात अर्धी माझी, अर्धी बागवानची. माझ्या अर्ध्यात कुत्रं चावलेल्यांना लस, त्याच्या अर्ध्यात एचआयव्हीची तपासणी. असा जोडा का लावला होता, तर दुसरी जागा नव्हती, एवढंच. पण कुत्री काही वेळ बघून चावत नाहीत, त्यामुळं आमची खोली संध्याकाळी सातपर्यंत उघडी असायची आणि कारखान्याची पाळी सुटायची सहाला. सिव्हिलला याच तपासणीचं मोठं केंद्र होतं, चांगलं होतं, पण ते सकाळी दहा ते एक. पाळी बुडवायची म्हटलं की मालक कारण विचारणार, आणि हे कारण मालकाला कोण सांगणार?

आमच्याकडंही वाट सरळ नव्हती. आत यायला केसपेपर लागायचा आणि केसपेपरच्या खिडकीत सिद्राम बसायचा. माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर ऐकू जावा. "काय होतंय?" म्हणून विचारायचा आणि सांगितलेलं मोठ्यानं म्हणत लिहायचा. पाठीमागं रांग, रांगेत निम्मी आपल्याच गल्लीतली माणसं. तिथं "एचआयव्ही तपासायचंय" म्हणणं म्हणजे आपणच आपली दवंडी पिटणं.

यावर तोड काढली ती बागवाननं. तो कारखान्या-कारखान्यांत जाऊन माहिती सांगायचा. सभेत कुणी तोंड उघडायचं नाही, पण निघताना एखादा सायकलीपर्यंत सोबत यायचा. त्याला बागवान हळूच सांगायचा, "खिडकीवर कुत्रं चावलं म्हणायचं. सात नंबर." प्रत्येकाला वेगवेगळं सांगायचा, त्यामुळं प्रत्येकाला वाटायचं, ही सोय फक्त आपल्यासाठी.

पडदा माणूस झाकतो, आवाज झाकत नाही. त्या दिवशी गाजुल काय बोलला ते मी सिरिंजच्या खोक्यांची मांडामांड करत ऐकलं. त्याचा मित्र दीड महिन्यापूर्वी सिव्हिलमध्ये वारला होता. लग्नाआधी दोघं मालाच्या गाडीवर हैदराबादला जायचे. एवढं सांगून तो थांबला, आणि बागवाननंही पुढचं विचारलं नाही.

"लग्न झालंय?"

"झालंय की. वर्ष होईल आता. सहावा सरत आलाय तिला."

"तपासणी केली का त्यांची कुठं?"

"गल्लीतल्या डॉक्टरकडं जाते. हे नाही केलं. सातव्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जाणार, सिद्दीपेटला. पहिलं बाळंतपण आहे."

"उद्या याच वेळेला या. रिपोर्ट तयार असेल."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तपासायला येणाऱ्यांपैकी बरेचसे रिपोर्ट न्यायला यायचेच नाहीत. एकदा धीर गोळा करून येतात, दुसऱ्यांदा करता येत नाही. असे अकरा रिपोर्ट बागवानच्या खणात पडून होते. रिपोर्ट ज्याचा त्यालाच, दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही असा नियम, आणि बागवान नियमाचा पक्का. मलाही कधी बोलला नाही. पण सहा वाजले की तो पडदा अर्धा सरकवून दाराकडं बघत बसायला लागला. बाकीच्या दहांसाठी तो असा बसत नव्हता. मला काय समजायचं ते मी समजले, आणि रात्री जेवताना त्याची ती न बघितलेली बायको माझ्या डोळ्यांपुढं यायला लागली. आईला वेळेत कळलं तर बाळंतपणात औषध देऊन बाळाची लागण टाळता येते, ती सोय सिव्हिलला होती; ही न तपासताच सिद्दीपेटला गेली तर तिला तिथं कोण सांगणार?

महिना संपला आणि निंबर्गीसाहेब आले. हे आमचे आरोग्य अधिकारी, बदलून नवीनच आलेले. जुन्या साहेबांना दवाखान्यात चहा दिसायचा, यांना आकडे दिसायचे. आमच्या दवाखान्याचे कुत्रं चावल्याचे आकडे बघून त्यांनी आधी कुत्री पकडायची गाडी पाठवली. गाडी दोन दिवस गल्ल्या धुंडाळत फिरली. मग साहेब स्वतः सात नंबरमध्ये आले.

"सिस्टर, गेल्या महिन्यात कुत्रं चावल्याचे केसपेपर त्रेचाळीस. लस टोचली चौदा जणांना. बाकीचे एकोणतीस?"

पडद्याआड बागवानची खुर्ची करकरत होती, ती थांबली.

"राहिले असतील, साहेब."

"राहिले म्हणजे? पहिली सुई त्याच दिवशी द्यायची असते की नाही?"

"असते."

"लस संपली होती?"

"नाही."

"मग माणूस तुमच्यासमोर येऊन उभा राहतो, कुत्रं चावलं म्हणतो आणि तुम्ही त्याला तसाच घरी पाठवता? भालशंकर सिस्टर, यातला एक जरी पिसाळून मेला तर त्याच्या घरी मी काय सांगू?"

साहेब ओरडत नव्हते, आणि त्यांचं काही चुकतही नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

"माझ्याकडून चूक झाली," मी म्हणाले.

"एकोणतीस वेळा?"

साहेबांनी दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि सांगितलं की ते स्वतः यादी घेऊन घरोघर जाणार. सोबत सिद्राम, कारण पत्ते त्याला पाठ.

साहेब गेल्यावर बागवान पडद्याबाहेर आला. एरवी नीटनेटका माणूस, पण त्या दिवशी त्याच्या हातात नुसतंच टोपण होतं, पेन नव्हतं.

"सांगून टाका, सिस्टर. मीच शिकवलं म्हणा त्यांना."

"साहेबांना लेखी पाहिजे. लेखी म्हणजे नावं आली. तो कागद तीन टेबलांवरून जाणार, आणि त्यातलं एक सिद्रामचं आहे."

"तुमची नोकरी जाईल की."

"जात नाही एवढ्यानं. मेमो येईल." हे मी त्याला सांगत होते का स्वतःला, कोण जाणे. माझी धाकटी तेव्हा बारावीला होती आणि घरात कमावणारी मी एकटी. मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. "गाजुल आला?"

"नाही."

"बायको माहेरी जायला किती दिवस राहिले?"

त्यानं बोटांवर मोजलं आणि आत गेला. मी खुलासा लिहिला: कामाच्या गडबडीत लस देण्याचे राहून गेले. माझ्या हातानं लिहिलेलं ते एकमेव खोटं सरकारी पत्र, आणि त्यातही शुद्धलेखन मात्र चोख होतं.

साहेब तीन दिवस फिरले. मला वाटलं होतं, माणसं गडबडतील, एखादा तरी बोलून जाईल. पण झालं भलतंच. सिद्रामनंच खिडकीत बसून सगळं ऐकवलं.

"एकही जण नाही म्हणाला नाही, सिस्टर. सगळ्यांना चावलंय. एकानं पोटरी दाखवली, जुना व्रण होता, तोच दाखवला असणार. एकाला साहेब म्हणाले पँट वर करा, तर तो म्हणतो, अवघड जागी चावलंय. शेजारी शेजारी दोन घरं, दोघांनाही चावलंय, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. एकाची बायको तर साहेबांनाच म्हणाली, एवढे दिवस कुठं होता?"

ऐकताना मला आधी हसू आलं. एकोणतीस घरांत एकोणतीस माणसांनी एकच खोटं सांगितलं होतं आणि प्रत्येकजण समजत होता की या गावात खोटं बोलणारे आपण एकटेच. त्यांचं गुपित राहिलं. माझी मात्र आता सुटका नव्हती, कारण चावे खरे ठरले होते.

चौथ्या दिवशी गाजुलची आई आली. नरसम्मा तिचं नाव. ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू, विड्या वळून वळून बोटांची टोकं काळी पडलेली. केसपेपर न काढताच ती तडक सात नंबरमध्ये शिरली. मागं दाराशी श्रीनिवास, मान खाली.

"तूच का ती सिस्टर?"

"मीच."

"माझ्या पोराला कुत्रं चावलं आणि तू सुई दिली नाहीस? दवाखान्यात आलता ना तो? का रस्त्यावर बसून वाट बघालता तुझी?"

"आई, चल," श्रीनिवास म्हणाला.

"गप बस. तू तर घरात सांगितलं पण नाहीस. साहेब दारात आले तवा कळलं मला." ती पुन्हा माझ्याकडं वळली. "सून पोटुशी आहे माझी. पंधरवड्यावर डोहाळजेवण आलंय. ह्याला काय झालं असतं म्हणजे? तुला लेकरं हायत का नाहीत?"

बाहेरची रांग दारात जमली. सिद्राम खिडकी सोडून आला होता. मी वीस वर्षं नोकरी केली होती आणि असं चारचौघांत कुणी मला सोललं नव्हतं. तोंडापर्यंत एक वाक्य आलं होतं. ते गिळून मी म्हणाले, "चुकलं माझं, मावशी."

"चुकलं म्हणून काय व्हतंय? दे सुई आता."

साहेबांचा हुकूमही तोच होता. त्याच दिवशी कागद आला: एकोणतीसही जणांना बोलावून लसीचा पूर्ण कोर्स द्यावा, एकही डोस चुकता कामा नये. कोर्स पाच सुयांचा. आज पहिली, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. साहेब रोज बाटल्या मोजणार होते.

आणि माणसं आली, एकोणतीसच्या एकोणतीस. कधी न चावलेल्या कुत्र्यासाठी बाही वर करून ओळीनं बसली. एक म्हातारा विणकर पोटावरचा सदरा वर करून बसला होता. त्याला वाटलं, पूर्वीसारखी पोटात चौदा. मी म्हणाले, "आता दंडात, आणि पाचच." त्यानं सुस्कारा सोडला. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, त्यापेक्षा सुई परवडली. मी कुणाकडं बघत नव्हते, कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

श्रीनिवासला पहिली सुई आईच्या देखत दिली. तिनं त्याचा दंड स्वतः धरला होता.

दुसऱ्या सुईला तो एकटा आला. सुई झाल्यावरही उठेना.

"सिस्टर, तुम्ही आईला बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"कुत्र्याबद्दल."

"कुत्रं चावलं होतं ना तुला?"

तो कापसाचा बोळा दंडावर दाबत बसला. मी पुढच्याचा कागद घेतला. तो उठला, पडद्याकडं बघितलं आणि बाहेर गेला. मला त्याचा राग आला. डोहाळजेवणाला बारा-तेरा दिवस उरले होते, आणि हा माणूस पडद्यापासून चार पावलांवरून परत गेला.

पण पाच सुयांचा कोर्स म्हणजे पाच वेळा यावं लागतं, पाच वेळा त्याच खुर्चीत बसावं लागतं, पाच वेळा तोच हिरवा पडदा बघावा लागतो. जी माणसं दुसऱ्यांदा कधी आली नसती त्यांना साहेबांचा हुकूम धरून आणत होता. तिसऱ्या सुईच्या दिवशी तो म्हातारा विणकर दंड चोळत चोळत, कुणाला काही न विचारता पडद्याआड गेला आणि हातात घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. खणातले अकरा रिपोर्ट कमी व्हायला लागले.

श्रीनिवासही त्या दिवशी गेला. मी खोक्यांची मांडामांड केली नाही, उलट उठून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पुसून काढल्यासारखा होता. तो माझ्यापाशी थांबला.

"तिला कसं आणू? आई विचारेल, हिला दवाखाना कशाला?"

मी त्याच्या कागदावर पुढच्या सुईची तारीख लिहून दिली. तिला सात दिवस होते, डोहाळजेवणाला नऊ.

चौथ्या सुईला, म्हणजे चौदाव्या दिवशी, तो आला तेव्हा सोबत एक मुलगी होती. बाई म्हणावी अशी दिसतच नव्हती. वीस-एकवीसची, हिरवा चुडा, पोट पुढं आलेलं, एक हात पोटावर. तिच्यामागं नरसम्मा. तिघं खुर्च्यांपाशी येऊन उभी राहिली. श्रीनिवासनं घसा साफ केला.

"हिला पण चावलंय, सिस्टर."

मी मुलीकडं बघितलं. तिचं नाव स्वरूपा. ती माझ्याकडं सरळ बघत होती. नवऱ्यानं तिला घरी सगळं सांगितलं होतं हे त्या बघण्यातच कळलं.

"कुठं चावलं?" मी विचारलं.

"पायाला," ती म्हणाली. "डाव्या." नवऱ्यापेक्षा तयारी चांगली होती.

"तेच कुत्रं असणार," नरसम्मा म्हणाली. "गाडीवाल्यांनी नको ती नेली आणि पिसाळलेलं ठेवलं. हिच्या पोटातल्या लेकराला सुई बाधणार नाही ना?"

"नाही बाधत. गरोदर बाईला चालते ती." हे मी साहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. का विचारून ठेवलं होतं, ते तेव्हा माझं मलाही नीटसं कळलं नव्हतं. "पण मावशी, कोर्स पाच सुयांचा. एकही चुकवायची नाही. गावाला जायचं नाही."

"परवा डोहाळजेवण आहे हिचं. सोमवारी भाऊ न्यायला येणार."

"शेवटची सुई आजपासून अठ्ठाविसाव्या दिवशी."

नरसम्मा हिशेब करायला लागली. तिचे ओठ हलत होते. शेवटच्या सुईपर्यंत आठवा संपत येणार, नववा लागणार, आणि नवव्यात अवघडलेल्या सुनेला दिवसभराच्या एसटीत बसवणारी सासू ती नव्हती.

"मग बाळंतपण हितंच म्हणायचं," ती म्हणाली. "पहिलं असून. तिची आई मला काय म्हणेल?"

"सिव्हिलला नाव घाला," पडद्यामागून बागवान म्हणाला. तो कधी मध्ये बोलायचा नाही. "चांगली सोय आहे."

मी सुई दिली. स्वरूपानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. मग मी तिला म्हणाले, "आत जा, रक्त बघावं लागतं," आणि हे वाक्य खरंच होतं. नरसम्माला मी बाहेर बाकावर बसवलं आणि तिच्याकडून तिच्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकून घेतली. ती पाऊण तास चालली.

महिन्याभरानं खणात दोन रिपोर्ट उरले होते. ते दोघं पाचही सुया घेऊन गेले, पण पडद्याआड गेलेच नाहीत.

कोर्स संपला त्या दिवशी निंबर्गीसाहेब आले. माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, लसींच्या गोदामात झाल्याचा कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवला. शिक्षा म्हणून तशी सौम्यच होती. जाता जाता ते दारात थांबले.

"सिस्टर, गाडीला दोन दिवसांत कुत्री किती सापडली होती, माहीत आहे? सहा. त्यातली दोन पिल्लं."

मी कागदाची घडी घालत होते.

"चपळ असतील, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चष्मा पुसला. त्यानंतर तो विषय त्यांनी कुठंच काढला नाही. पुढच्या वर्षी ते बदलून गेले, आणि त्यांच्यानंतरच्या साहेबांनी बागवानला वेगळी खोली दिली. रंगवलेली, पंखा असलेली, दारावर दोन हात लांब पाटी आणि वेळ दहा ते एक. बागवाननं मला फोनवर सांगितलं, महिन्याला चारजण येतात, आणि त्यातले दोन खोली चुकलेले असतात.

त्या चाव्यांना तेव्हा नऊ वर्षं झाली असतील. मी निवृत्त झाले होते. नवी पेठेत चादरी घ्यायला गेले, तर दुकानाच्या पायरीवर आठेक वर्षांची एक मुलगी गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडात बिस्कीट घालत होती. मी जुन्या सवयीनं म्हणाले, "अगं, चावेल ते."

"नाही चावत," ती म्हणाली.

आतून तिची आई आली. भरलेला चेहरा, हातात टॉवेलचं पुडकं. मी ओळखायच्या आधी तिनं मला ओळखलं आणि तिथंच वाकून पाया पडली.

"दोघंही गोळ्या घेतो, सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली. "बरे आहोत. हे कामावर गेलेत. सासूबाई गेल्या दोन वर्षांमागं. त्यांना शेवटपर्यंत कुत्रंच माहीत होतं." मग मुलीकडं बघून म्हणाली, "हिचं रक्त अठराव्या महिन्यात बागवानसाहेबांनी स्वतः बघितलं. काही नाही हिला. पाचव्या वर्षी मी परत बघून घेतलं, माझंच मन मानत नव्हतं म्हणून. तेव्हाही काही नाही."

मी मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

"आई, कोण आहेत ह्या?"

"इंजेक्शनवाल्या सिस्टर. आम्हाला कुत्रं चावलं होतं ना, तेव्हा ह्यांनी सुया दिल्या."

मुलगी झटकन मागं सरकली आणि तिनं दोन्ही दंड पाठीशी लपवले.

"मला नको," ती म्हणाली. "मला नाही चावलं."